तुरा फिका पडला: अंडी थांबली म्हणून, की रक्त कमी झालं म्हणून?

प्रश्न तासगाव तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. घरामागं बारा गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा. दिवाळीपासून पाच कोंबड्यांचे तुरे फिके पडलेत आणि रोजची चार-पाच अंडी एक-दोनवर आलीत. शेजारी लिव्हर टॉनिक द्यायला सांगतात. "आणू का? आणि कुठली कोंबडी अंडी देते हे तुऱ्यावरून खरंच कळतं का?" असं त्यांनी विचारलंय.

ताई, टॉनिक सध्या राहू द्या. आज रात्री नऊ-साडेनऊला, कोंबड्या गाढ बसल्या की, बॅटरी आणि एक पांढरं फडकं घेऊन खुराड्यात जा. ज्या बांबूवर त्या बसतात त्याच्या खालच्या अंगानं, सांध्यांतून आणि भिंतीच्या फटींतून फडकं दाबून फिरवा. फडक्यावर रक्ताचे बारीक फराटे उमटले तर तुमचं निम्मं उत्तर तिथंच मिळालं. का, ते पुढं येतंच.

मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून ३१ वर्षं नोकरी केली, बहुतेक माण-खटावच्या वाड्यावस्त्यांवर. निवृत्तीनंतर विट्याकडच्या लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या, शेडवर देखरेखीला जातो. घरामागच्या पाच कोंबड्या असोत की शेडमधल्या पाच हजार, आत पाऊल टाकलं की माझी पहिली नजर तुऱ्यांवर जाते. पण नुसत्या तुऱ्यावरून मी आजवर कुणाला औषध लिहून दिलेलं नाही. एकदा दिलं होतं, ते चुकलं, आणि तेही सांगणार आहे.

फिक्या तुऱ्याची दोन कारणं असतात आणि ती एकमेकांच्या उलट दिशेनं चालतात. एकात कोंबडी अंडी थांबवते आणि मागोमाग तुरा उतरतो. दुसऱ्यात अंगातलं रक्त कमी होतं, तुरा पांढरा पडतो आणि मग अंडी थांबतात. पहिली कोंबडी ठणठणीत असते, तिला विश्रांती आणि खुराक हवा. दुसरी आजारी असते आणि तिच्याकडं दुर्लक्ष केलं तर ती जाते. लांबून दोघी सारख्याच दिसतात. तुमच्या पाच जणींत कोण कुठली, एवढंच आपल्याला शोधायचंय.

तुरा म्हणजे कातडीखाली रक्तवाहिन्यांचं दाट जाळं. कोंबडीला घाम येत नाही, म्हणून उन्हाळ्यात अंगातली उष्णता बाहेर टाकायचं बरंच काम तुरा आणि चोचीखालच्या लोंबत्या पाळ्या करतात. जत-आटपाडीकडं पारा चाळिशीला लागला की लेगहॉर्न जातीच्या कोंबडीचा मोठा तुरा लालभडक होऊन हाताला गरम लागतो तो त्यामुळंच. पण तुऱ्याचा आकार ठरतो तो अंड्यांच्या कारखान्यावरून. १८४९ साली जर्मनीत गॉटिंगेनला आर्नोल्ड बर्टहोल्ड यांनी तरण्या कोंबड्यांचे वृषण काढले. त्यांचे तुरे वाढेनात, आरवणं बंद झालं. काहींच्या पोटात वृषण परत बसवले, तर तुरे पुन्हा कोंबड्यासारखे वाढले. मादीतही तसंच आहे. तिच्या बीजांडकोशातून नराचं म्हणून ओळखलं जाणारं टेस्टोस्टेरॉनही थोडं स्रवतं आणि तुरा फुलवतं ते प्रामुख्यानं तेच. बीजांडकोश जागा झाला की तुरा भरतो, तो झोपला की तुरा आक्रसतो.

इथं एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण या अज्ञानापायी कोंबड्या मारल्या जाताना मी पाहिल्यात. एखादी म्हातारी कोंबडी अचानक आरवायला लागते, तिचा तुरा कोंबड्यासारखा मोठा होतो, आणि घरात कुजबुज सुरू होते की अपशकुन झाला. कोंबडीचा फक्त डावा बीजांडकोश काम करत असतो. गाठीनं किंवा आजारानं तो निकामी झाला की उजवीकडचा सुप्त अवयव वाढतो आणि नराची संप्रेरकं सोडू लागतो. यात घरावर काही येत नाही. ती बिचारी आतून आजारी आहे, इतकंच.

आता तलंगांकडं, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्यांकडं येऊ. अंड्यावर यायच्या आधी तलंगेचा तुरा लहान, फिकट गुलाबी आणि कोरडा असतो. पहिल्या अंड्याच्या दोन-तीन आठवडे आधी तो भराभर वाढतो, लाल होतो, हाताला मऊ आणि मेणचट लागतो. चेहराही लाल होतो. पाठीवर हात ठेवला की ती पंख किंचित पसरून खाली बसते. लेअर जातीत हे १८-२० आठवड्यांत दिसतं, गावठीत सहा महिन्यांच्या आसपास. असं दिसलं की खुराड्यात अंधाऱ्या कोपऱ्यात पेंढ्याची जागा करून द्या, नाहीतर पहिली अंडी कडब्याच्या गंजीत सापडतील.

पण लाल तुरा म्हणजे अंडं, हे गणित पक्कं नाही. तरुण कोंबडी अंड्यांच्या दोन चक्रांमधल्या सुट्टीतही काही दिवस लाल राहते. आठवडी बाजारात तर तुऱ्याला तेलाचा हात फिरवून चकाकी आणलेली असते. म्हणून बाजारात कोंबडी घेताना मी तुरा पाहतो आणि लगेच तिला उलटी धरून बूड पाहतो. बुडाशेजारी दोन बारीक टोकदार हाडं लागतात. त्यांच्यात दोन-तीन बोटं सहज बसली, बूड मोठं, ओलसर आणि फिकट असलं, तर ती अंड्यावर आहे. हाडांत जेमतेम एक बोट जात असेल, बूड आकसलेलं, कोरडं आणि पिवळसर असेल, तर तुरा कितीही लाल असो, आज ती अंडं देत नाही. ज्यांची कातडी पिवळी असते त्या जातींत आणखी एक खूण मिळते. अंड्याच्या बलकात पिवळा रंग जात राहतो आणि अंगावरचा उतरत जातो, आधी बुडाचा, मग डोळ्याभोवतीचा, मग चोचीचा, शेवटी पायांचा. पाय पांढरट पडलेली कोंबडी कित्येक महिने इमानानं अंडी देत आली आहे असं समजा. लोक अशीला "निस्तेज" म्हणून विकून टाकतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता तुमच्या घरातली दिवाळीनंतरची गोष्ट. आपल्याकडं जूनमध्ये दिवस सुमारे १३ तासांचा असतो, डिसेंबरात ११ तासांवर येतो. कोंबडीचा मेंदू उजेडावर चालतो आणि भरपूर अंड्यांसाठी तिला १४ ते १६ तास उजेड लागतो. त्यामुळं आश्विन-कार्तिकात बऱ्याच कोंबड्या पिसं झाडायला लागतात. अंगण पिसांनी भरतं, मान बोडकी होते, अंडी बंद. तुरा लहान होतो, फिका पडतो, वरून कोंडा धरल्यासारखा दिसतो. हे दीड-दोन महिने चालतं, कधी जास्तही. कोंबडी मात्र खाते, पिते, उकिरडा उकरते, डोळे टवटवीत असतात. नवं पीस बहुतांशी प्रथिनांचं असतं, तेव्हा या दिवसांत तिला नुसती ज्वारी-मका पुरत नाही. भुईमुगाच्या पेंडीचा चुरा, भिजवलेलं सोयाबीन शिजवून, बाजारातली सुकट, जे परवडेल ते द्या. टॉनिकच्या बाटलीचे पैसे सुकटीत घातले तर जास्त कामाला येतील. शेडवाले लोक पहाटे दिवा लावून दिवस लांबवतात आणि अंडी चालू ठेवतात. घरच्या कोंबड्यांना मी तो सल्ला देत नाही. वर्षातून एकदा त्यांना थांबू द्यावं.

खुडूक कोंबडीचंही तसंच. गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि अंड्यांवर बसते. अंग फुगवते, हात नेला की टोचते, पोटाखालची पिसं उपटते. चार-सहा दिवसांत तुरा उतरतो. २१ दिवस उबवणी आणि पुढं पिल्लांमागं दीड-दोन महिने, तोवर तुरा तसाच राहणार. अशीला जंताचं औषध पाजलेलं मी पाहिलंय. तिला रोज एकदा उठवून दाणापाणी दाखवा, बाकी काही करायची गरज नाही. पिल्लं नको असतील तर खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, खुडूकपणा उतरतो.

आता दुसरी बाजू, रक्त कमी होण्याची. हिच्यात ओळखायची खूण अशी. विश्रांतीतला तुरा आक्रसतो, सुकतो, पण त्याच्यात लालसर झाक राहते. रक्त आटलेला तुरा सुरुवातीला आकारानं तेवढाच असतो, रंग मात्र मेणबत्तीसारखा पांढुरका होतो. अंगठ्यानं दाबून सोडा. निरोगी तुरा पांढरा होऊन लगेच लाल होतो, रक्त नसलेल्याचा रंग हळू परततो किंवा फरकच दिसत नाही. मग खालची पापणी ओढून आतला रंग पाहा, चोच उघडून टाळू पाहा. तेही पांढरं असलं तर शंका ठेवू नका. शेवटी छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. दोन्हीकडं मांस भरलेलं असेल तर दुखणं नवं आहे. हाड सुरीच्या धारेसारखं लागलं तर ती महिनाभर तरी आतून झिजतेय. एक सावधगिरी ठेवा, जुनाट आजारात अंडी थांबतात आणि मग तुरा लहानही होतो. म्हणून एकटा तुरा पाहून निकाल देऊ नका, पापणी आणि छाती पाहाच.

माझी चूक इथली आहे. नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. माणमध्ये एका वस्तीवर एका मावशींच्या सहा कोंबड्या फिक्या पडल्या होत्या. मी दिवसा गेलो, अंगावर काही दिसलं नाही, जंत समजून औषध दिलं आणि वर टॉनिक. तीन आठवडे मावशी इमानानं पाजत होत्या. दोन कोंबड्या बसल्या जागी मेल्या. मग आमच्या एका जुन्या सहकाऱ्यानं मला रात्री तिथं नेलं. बॅटरी लावली तर दगडी भिंतीच्या फटींतून आणि बांबूच्या पेरांतून लाल कोळी नावाचे बारीक किडे मुंग्यांसारखे कोंबड्यांच्या पायांवर चढत होते. दिवसा ते फटींत लपतात, रात्री रक्त पिऊन परत जातात. ज्या मावशींनी अंडी विकून शाळेची वही घ्यायची, त्यांच्या दोन कोंबड्या माझ्या घाईनं गेल्या. तेव्हापासून फिका तुरा म्हटलं की मी आधी रात्रीचं खुराडं बघायला सांगतो.

दगडामातीच्या जुन्या भिंतींत आणखी एक शत्रू असतो, कोंबडीची चपटी गोचीड. तीही रात्रीच चावते, आणि रक्त पिण्याबरोबर स्पायरोकिटोसिस नावाचा ताप पसरवते. दोन्हींवर इलाज कोंबडीपेक्षा खुराड्याचा करावा लागतो. कोंबड्या दोन-चार रात्री दुसरीकडं डालग्यात ठेवा. खुराडं रिकामं करून झाडून जाळा, फटींत उकळतं पाणी ओता, दगड आणि लोखंडावर ज्योत फिरवा, मग फटी मातीनं बुजवून चुन्याचे दोन हात द्या. बांबू बदलला तर उत्तमच. उबेत लाल कोळ्याची नवी पिढी आठवडा-दहा दिवसांत तयार होते, म्हणून हे सगळं सातव्या-आठव्या दिवशी पुन्हा करा. एकदाच करून सोडलं तर न केल्यासारखंच, कारण हे किडे रक्ताशिवाय कित्येक महिने फटीत पडून राहतात. अंगावर मारायचं औषध डॉक्टरांना विचारून, त्यांनी सांगितलेल्या मापातच. शेतातलं फवारणीचं औषध कोंबडीवर मारू नका, त्यानं मेलेल्या कोंबड्याही मी उचलल्यात. राखेचा खड्डा मात्र कायम ठेवा, त्या आपलं अंग आपणच घासून घेतात.

फडकं स्वच्छ निघालं तर जंतांकडं वळा. ताज्या विष्ठेचा नमुना प्लास्टिकच्या डबीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात न्या. गोल जंतावर चालणारं पायपराझिन पट्टकृमीवर चालत नाही, म्हणून "जंताचं औषध द्या" एवढं दुकानात सांगून भागत नाही. औषध दिल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत हेही तिथंच विचारून घ्या. विष्ठेत रक्त असेल, विशेषतः लहान पिल्लांच्या, तर ती रक्ती हगवण. तिला थांबायला वेळ नसतो, त्याच दिवशी औषध लागतं.

शेडवाल्यांसाठी एक वाक्य: चरबी चढलेली, मका खाऊन जड झालेली कोंबडी रात्री चांगली होती आणि सकाळी पांढऱ्याफटक तुऱ्यानं मेलेली सापडली, तर पोट उघडून यकृत पाहा. ते फुटून आत रक्तस्राव झालेला असतो.

फिक्यापेक्षा मला जांभळ्या-निळ्या तुऱ्याची भीती जास्त वाटते. रक्तात प्राणवायू कमी पडला की असा रंग येतो. टोकं जरा जांभळी दिसतात, कोंबडी चोच उघडून धापा टाकते, उन्हाचा कडाका आहे, तर तिला सावलीत नेऊन गार पाणी द्या, तुरा आणि पाय भिजवा. पण ऊन नसताना तुरा काळवंडला, पाळ्या सुजल्या, हिरवट हगवण आहे, तर मानमोडी, कोंबड्यांचा कॉलरा किंवा बर्ड फ्लू, हे तिन्ही साथीचे रोग डोक्यात ठेवावे लागतात. बर्ड फ्लू आपल्या देशात कोंबड्यांत पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात, २००६ च्या फेब्रुवारीत, नंदुरबारच्या नवापूरला. एक-दोन दिवसांत पटापट कोंबड्या मरू लागल्या तर हात लावू नका, कापू नका, ओढ्यात तर मुळीच टाकू नका. दवाखान्याला कळवा. लपवून ठेवलं तर सगळ्या गावावर संकट येतं. मानमोडीची लस वेळेवर दिली असेल तर त्यातली एक भीती निघून जाते. दहा-बारा कोंबड्यांसाठी लसीची बाटली मोठी पडते हे खरं, पण वाडीतल्या चार घरांनी मिळून घेतली तर कुणालाच जड जात नाही.

तुऱ्यावर खपल्या दिसल्या तर आधी कोंबड्याच्या टोचा आहेत का बघा. टोचेची खपली एक-दोन ठिकाणी, रेघेसारखी, आठवड्यात पडणारी. देवी या कोंबड्यांच्या रोगाच्या पुळ्या मोहरीएवढ्या सुरू होतात, तुरा, पापण्या, चोचीच्या कडा अशा पिसं नसलेल्या जागी पसरतात आणि काळ्या खवल्यांसारख्या होतात. डास ही देवी पसरवतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा महापूर ओसरल्यावर नदीकाठच्या गावांत पाणी साचून राहिलं होतं, आणि पुढं दिवाळीपर्यंत मी देवी आलेल्या कोंबड्या पाहत होतो. देवीवर थेट औषध नाही. खपल्या ओढून काढू नका, आयोडीन लावा, डोळे चिकटले असतील तर कोमट मिठाच्या पाण्यानं पुसा, आणि दाणा-पाणी तोंडापाशी न्या, कारण दिसत नाही म्हणून उपाशी मरणाऱ्याच जास्त असतात. घशात पिवळे चिकट थर आले तर मात्र डॉक्टर हवाच. न लागलेल्यांना पंखात टोचायची लस आहे. पीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके असतील तर ती बुरशी, नायट्याची बहीण, आणि ती माणसालाही लागू शकते, तेव्हा हात धुवा.

जातीचा विचार न करता तुरा वाचला तर फसगत होते. लेगहॉर्न मादीचा मोठा तुरा एका बाजूला कलंडलेलाच असतो, ती आजारी नसते. असीलचा तुरा मुळातच बसका आणि मटाराच्या दाण्यांच्या ओळींसारखा, तिच्यात चेहऱ्याचा रंग पाहावा. कडकनाथचा तुरा काळसर-जांभळा हा त्याचा जन्माचा रंग, पापणीही काळपट, म्हणून तिथं रंगाचा नाद सोडून वजन, विष्ठा आणि चाल बघावी. आणि मोबाईलवर दिसणारं, थंडीत तुऱ्याला व्हॅसलीन लावायचं, ते बर्फाळ देशांसाठी आहे. तासगावात त्याची काही गरज नाही.

प्रत्येक कोंबडीचा तुरा तिच्याच कालच्या तुऱ्याशी ताडून पाहायचा असतो, शेजारणीच्या नव्हे. म्हणून उद्या सकाळी पाचही जणींच्या पायांत वेगवेगळ्या रंगाचा सैल दोरा बांधा आणि मोबाईलवर एकाच बाजूनं, सावलीत, प्रत्येकीच्या तुऱ्याचा फोटो काढा. वहीत पाच नावं लिहा आणि प्रत्येकीपुढं चार गोष्टी: पिसं झडतात का, पापणी आतून लाल की पांढरी, छातीचं हाड भरलेलं की धारदार, बुडाच्या हाडांत किती बोटं. माझा अंदाज आहे की तीन-चार जणी पिसं झाडत असतील आणि संक्रांतीपर्यंत आपोआप लाल होतील. पण एकीची जरी पापणी पांढरी निघाली, तर तिला वेगळ्या डालग्यात ठेवून, रात्रीचं फडकं आणि विष्ठेची डबी दोन्ही घेऊन सकाळीच दवाखान्यात जा.